चुंबनाच्या मागे उभी असलेली बाई

नाताळच्या एका टीव्ही-सिनेमात मी आहे. हे मी आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याने सांगितलं, त्यामुळे इथे कॅनडात, विनिपेगमध्ये ज्याला ज्याला मराठी कळतं त्या प्रत्येकाला आता ते माहीत आहे. सिनेमाच्या अगदी शेवटी, गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनवर, लढाईवरून परतलेला नायक आणि महिनोन्‌महिने वाट पाहूनही केसाची एक बट न विस्कटलेली नायिका एकमेकांसमोर येतात. बर्फ पडायला लागतो, ती दोघं चुंबन घेतात. त्या चुंबनाच्या मागे, नायकाच्या डाव्या खांद्यावरून पाहिलंत तर, जांभळ्या कोटातली एक बुटकी बाई दिसते. ती मी.

खरं तर असले सिनेमे बघणाऱ्यांतली मी नाही. नागपुरात कॉलेजात असताना मी फिल्म सोसायटीची सभासद होते. ज्या सिनेमात अर्धा तास कुणी काही बोलत नाही आणि शेवटी वाऱ्याने नुसतं दार हलतं, तो चांगला सिनेमा, असं माझं तेव्हापासूनचं मत. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी 'चांगला सिनेमा कसा पाहावा' या विषयावर लेखही लिहिला होता. तो शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच, आणि तोही प्रुफं तपासायची होती म्हणून, असं नवरा अजून चारचौघांत सांगतो.

त्याचं सगळं उलटं. नोव्हेंबर लागला की हा माणूस पांघरूण घेऊन कोचावर बसतो आणि नाताळचे सिनेमे बघायला लागतो. तिशीतली सुंदर मुलगी, तिची बेकरी, लाकडी घर, एक समजूतदार कुत्रा. त्यातही लष्करी जोडप्यांचे सिनेमे त्याचे विशेष लाडके. त्यांत नायकाची रजा हमखास रद्द होते. नायिका फोनवर 'काही हरकत नाही' म्हणते आणि खिडकीत मेणबत्ती लावते. मग नाताळच्या आदल्या संध्याकाळी दारावरची बेल वाजते. दाराबाहेर कोण आहे हे आम्हांला, कुत्र्याला आणि आमच्या शेजाऱ्यांनासुद्धा माहीत असतं. तरी बेल वाजली की नवरा हात वर करून मला गप्प करतो आणि उशीखाली रुमाल चाचपायला लागतो.

"अहो, पण तोच येणार आहे ना!" मी म्हणते.

"म्हणून काय झालं? बघ ना, कशी धावून राहिली ती!"

मी त्याच कोचाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तक वाचत असते. म्हणजे पुस्तक हातात असतं.

आता मुलीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळे झालं. आमची एकुलती एक लेक कॅनडाच्या सैन्यात नर्स आहे, अधिकारी आहे. नर्सिंग पूर्ण झाल्यावर एका रविवारी जेवताना तिने सांगितलं, की जॉब मिळाला. कुठल्या हॉस्पिटलात, असं बाबांनी विचारलं. ती म्हणाली, आर्मी. अशा प्रसंगी आईने काहीतरी भारदस्त बोलावं अशी अपेक्षा असते. मी म्हणाले, "पण तिथे जेवणाचं कसं असतं?" आनंद असो, भीती असो, धक्का असो, माझ्या तोंडून आधी जेवण नाहीतर कपडे हेच विषय बाहेर पडतात.

पुढे तिने सैन्यातल्याच एका सार्जंटशी लग्न केलं. तो सस्काटूनजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, लष्कराचे ट्रक दुरुस्त करतो. इतका उंच, की आमच्या बेसमेंटच्या जिन्यात त्याचं कपाळ आपटतं आणि दर वेळी तोच आम्हांला सॉरी म्हणतो. हुद्द्याने ती त्याच्या वरची. घरात बायकोचं चालणं आम्हांला नवीन नव्हतं, पण इथे ते सरकारमान्य आहे. नवरा या जावयाकडे अतिशय सहानुभूतीने बघतो.

गेल्या वसंतात दोघांचीही एकाच तुकडीबरोबर युरोपात रवानगी झाली. डिसेंबरात परत येणार होते. सिनेमातली लष्करी जोडपी बरी, त्यांतलं एकजण तरी मागे राहून मेणबत्ती लावतं. इथे दोघंही गेली आणि आमच्या खिडकीत त्यांचं मांजर येऊन बसलं. ते कुणाचीही वाट बघत नव्हतं. मी शिजवलेलं फक्त वास घेऊन सोडून देत होतं.

त्यांना निरोप द्यायला आम्ही लष्करी तळावर गेलो होतो. अडीच तासांचा रस्ता. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये कुटुंबंच कुटुंबं जमली होती. रडणं, मिठ्या, पोरांना खांद्यावर घेणं, सगळं चाललं होतं. माझ्या विहीणबाई तर शेतावर वासरं उचलणाऱ्या. त्यांनी मुलाला आणि सुनेला एकाच मिठीत घेतलं आणि दोघांनाही जमिनीवरून थोडं वर उचललं. मग माझी पाळी आली.

लेक समोर उभी होती. गणवेश, बूट, तिरपी टोपी. लहानपणी शाळेचा पहिला दिवस असो, पोहण्याची स्पर्धा असो, नाहीतर नुसता तिला नवा फ्रॉक शोभत असो, मी तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. तिची दृष्ट निघायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मला स्वतःला मी विवेकवादी समजते. पण माझी बोटं तशी नाहीत. त्या दिवशीही माझे हात आपोआप वर गेले. नेमका तेव्हाच बाजूने जाणाऱ्या एका दांडग्या जवानाने तिला सॅल्यूट ठोकला, आणि तिने परत ठोकला. मी हात खाली घेतले. हिच्या हाताखालच्या माणसांसमोर आईने हिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, तर हिची काय शोभा राहील, असा विचार मी केला. तो मला त्या वेळी फार समंजस वाटला होता. मी हात कोटाच्या खिशात घातले आणि विचारलं, "थर्मल घेतलेस ना?"

"यस, आई," ती म्हणाली. थोडी थांबली. मग बसकडे गेली.

परतताना नवरा गाडी चालवत रडत होता. मी त्याला समोर बघून चालवायला सांगितलं.

जूनमध्ये तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मांजराची चौकशी झाली, आणि मग ती म्हणाली, "आई, डिसेंबरला आम्ही परत आलो ना, यू डोन्ट हॅव टु कम टु द बेस. लाँग ड्राइव्ह आहे, विंटर आहे. आम्ही नंतर येऊन कॅट घेऊन जाऊ."

"अगं, पण आम्हांला काही त्रास नाही त्यात."

"नो, इट्स ओके. आय नो इट्स नॉट युअर थिंग."

मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवल्यावर भांडी घासताना मला कळलं की मला फार लागलंय. म्हणजे काय, नॉट माय थिंग? पोटची पोर सहा-आठ महिन्यांनी परत येते, तिला आणायला जाणं हे माझं थिंग नाही, तर कुणाचं आहे? पण तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. तिने मला सूट दिली होती. जी गोष्ट मला जमत नाही, तिच्यातून माझी सोडवणूक केली होती. ती विहीणबाईंना हे म्हणाली नसणार, याबद्दल मला खात्री होती. त्याच दिवशी मी ठरवलं की डिसेंबरात मी त्या हॉलमध्ये जाणार, आणि मिठी मारणार. चांगली, भरघोस, कॅनेडियन मिठी.

आता, मिठी मारायला सराव लागतो हे ज्यांच्या घरात मिठ्या मारतात त्यांना खोटं वाटेल. आमच्याकडे वाकून नमस्कार आहे, पाठीवर हात आहे, हातातली बॅग ओढून घेणं आहे. मी नवऱ्याला शेवटची मिठी कधी मारली होती ते आठवायला गेले तर बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं तो दिवस आठवला, आणि तीही पाय घसरल्यामुळे.

त्याच सुमारास नवऱ्याने एक जाहिरात आणली. विनिपेगबाहेरच्या एका छोट्या गावात नाताळच्या सिनेमाचं शूटिंग होतं. सैनिकांचं स्वागत करणाऱ्या कुटुंबांसाठी सर्व समाजांतली माणसं हवी होती, नुसती मागे उभी राहायला. नवरा आनंदाने थरथरत होता. तुम्ही म्हणता म्हणून येते, तुम्हांला एकट्याला कंटाळा येईल, असं मी म्हटलं. खरं कारण तालमीचं होतं. स्वागताची तालीम, दिग्दर्शकासकट, फुकट.

शूटिंग जुलैत होतं. हे सिनेमे उन्हाळ्यात करतात हे मला ठाऊक नव्हतं. डिसेंबरात दाखवायचे तर आधी करायलाच हवेत, हे साधं गणित चांगला सिनेमा कसा पाहावा हे सांगणाऱ्या बाईला सुचलं नव्हतं. त्या दिवशी प्रेअरीच्या सपाट माळरानावर ऊन भाजत होतं, डास घोंघावत होते, आणि स्टेशनच्या फलाटावर कागदाचा आणि फेसाचा बर्फ पसरलेला होता. कपडेपटातल्या मुलीने मला जांभळा लोकरी कोट, टोपी, मफलर आणि हातमोजे दिले. उकाड्याने त्रास होईल का, असं तिने काळजीने विचारलं. "मी नागपूरची आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी अशा थाटात म्हणाले, की तिने माझ्या बगलेत ठेवायची बर्फाची पिशवी दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. थोड्याच वेळात मी स्टेशनच्या भिंतीला टेकून कुणाकडे ती पिशवी उरली आहे का ते विचारत होते.

तिथे आमचं नाव बॅकग्राउंड. हेडफोन लावलेली एक चटपटीत मुलगी आमची मुकादम. तिने सगळं समजावलं. गाडीतून सैनिक उतरतील. प्रत्येक कुटुंबाला एक सैनिक वाटून दिलेला आहे. तो धावत येईल, तुम्ही मिठी मारा. बोलण्याचा अभिनय करा, पण आवाज काढू नका. आवाज फक्त नायक-नायिकेचा. 'बॅक टू वन' म्हटलं की सगळ्यांनी पुन्हा आपल्या पहिल्या जागी जायचं. मग तिने मला मिठीही शिकवली, मी विचारलं म्हणून. उजवा हात वरून, डावा खालून, हनुवटी खांद्यावर, डोळे मिटायचे, मनात तीनपर्यंत आकडे म्हणायचे आणि मग सोडायचं. मी ते घोकून ठेवलं.

नवऱ्याला आणि मला वेगवेगळे सैनिक मिळाले. त्याचा सैनिक फलाटावर पाय ठेवतो न ठेवतो, तोच नवरा असा झेपावला, त्याला असा कवटाळला आणि असा गदगदून रडला, की दिग्दर्शकाने टाळी वाजवली. त्याला पुढे आणून उभं केलं. वर्षानुवर्षं कोचावर केलेली साधना होती ती.

माझा सैनिक म्हणजे एका शाळेत पोरांना व्यायाम शिकवणारा तरुण, गोरापान, उन्हाने नाक सोललेलं. पहिल्या वेळी तो धावत आला आणि मी त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली. 'बॅक टू वन.' दुसऱ्या वेळी मी मिठी मारली, पण तोंडाने "प्रवास कसा झाला?" असं मोठ्याने विचारलं. 'बॅक टू वन.' पुढच्या वेळी मी त्याचा उजवा हात चुकवायला गेले आणि माझी टोपी त्याच्या बक्कलात अडकली. मला घाम फुटला, तो घामही तिथे चालत नव्हता. एक मुलगा येऊन स्पंजने टिपून गेला. पलीकडे नायक-नायिका पुन्हा पुन्हा चुंबन घेऊन कंटाळली होती आणि माझ्याकडे बघत होती. शेवटी ती हेडफोनवाली मुलगी माझ्याजवळ आली. बिचारी मुळीच चिडली नाही. माझे हातमोजे अडचण करतात असं वाटून तिने ते काढून घेतले. म्हणाली, "तुझं स्वतःचं मूल घरी आलं तर तू जे करशील, तेवढंच कर. बाकी सगळं विसर."

पुन्हा ॲक्शन झालं. तो तरुण धावत आला आणि माझ्यासमोर थांबला. त्या गणवेशाचा रंग तोच होता. टोपी तशीच तिरपी. घामेजलेलं कपाळ, सोललेलं नाक, आणि याचीही आई कुठेतरी असेल. माझे हात वर गेले. मी त्याच्या कपाळावरून, गालांवरून दोन्ही हात खाली आणले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी मोडली. अशी मोडली की आवाज टिपणाऱ्या माणसाने हेडफोन काढून इकडेतिकडे पाहिलं. काय तडकलं, खांब की फळी, हे त्याला कळेना. दिग्दर्शकाने माझं डोकं दुखतंय का म्हणून विचारलं. तो तरुण मात्र तसाच उभा होता. त्याला काय झालं ते समजलं नव्हतं, पण चांगलं काहीतरी झालं एवढं समजलं असावं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला स्वतःचा भयंकर राग आला होता. नर्सबाई तिकडे युरोपात, आणि मी इकडे जिमच्या मास्तरांची दृष्ट काढत बसले होते.

मला वाटलं, हे कापतील. पण नेमकं त्याच वेळचं चुंबन सगळ्यांत झकास झालं होतं. आवाज पुसता आला, मी पुसता आले नाही.

सिनेमा डिसेंबरच्या सुरुवातीला लागला. नवऱ्याने आमच्या बेसमेंटमध्ये निम्मं मंडळ बोलावलं. चिवडा, कॉफी, सोलापुरी चादरींची बैठक. मी ऐन वेळी वर काही काम काढणार होते, पण मला समोर बसवलं. नवरा पडद्यावर आला तेव्हा बायकांनी हुंदके दिले. मग चुंबन आलं. आणि मागे मी. हात वरून खाली, मग कानशिलांवर.

"अगं बाई, ही दृष्ट काढतेय!" एक काकू ओरडल्या.

नंतर ते दृश्य मागे नेऊन नेऊन किती वेळा लावलं ते विचारू नका. पुढच्या रविवारी मंडळाने नवऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. 'अभिनयातील योगदानाबद्दल' असं म्हणाले. माझ्या दिवाळी अंकातल्या लेखाचाही त्यांनी जाता जाता उल्लेख केला आणि लोक हसले. मी पण हसले, करणार काय.

दुसऱ्या दिवशी लेकीचा मेसेज आला. लष्करी जोडप्याचा सिनेमा म्हणून त्यांच्या मेसमध्ये सगळ्यांनी मिळून तो पाहिला होता. बिल्ले उलटे लावलेत, सैनिकाची दाढी वाढली आहे, अशा चुका काढून हसायला. 'होल मेस वॉच्ड इट,' तिने लिहिलं होतं. आणि खाली, 'सॉ यू.'

बास. ना हसणारा चेहरा, ना रडणारा. पुढे नुसता पूर्णविराम. त्या पूर्णविरामाचा मी पुष्कळ अभ्यास केला. फिल्म सोसायटीत एवढ्या बारकाईने मी काही पाहिलं नव्हतं. तिच्या हाताखालच्या सगळ्या माणसांसमोर, मेसभर, तिची आई बोटं मोडत होती. जे मी होऊ दिलं नव्हतं तेच झालं होतं, वर पार्श्वसंगीतासकट. तुझा पूर्णविराम कसला आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी फक्त लिहिलं, 'आम्ही येतोय तळावर.' उत्तरात तिने अंगठा पाठवला. अंगठ्यातूनही मला काही अर्थ लागला नाही.

ती परत आली तो दिवस नाताळच्या आदल्या संध्याकाळचा नव्हता. आदल्या आठवड्यातला मंगळवार होता, दुपार होती, आणि बर्फ पडत नव्हता. खऱ्या थंडीत बर्फ पडतच नाही. नुसतं लख्ख ऊन असतं आणि नाकातले केस गोठतात. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर हीटरची वायर लावून ठेवली होती. हायवेवर वाऱ्याने बर्फाची भुकटी आडवी वाहत होती. नवरा जपून चालवत होता आणि मी शेजारी बसून मनात म्हणत होते, उजवा वरून, डावा खालून, हनुवटी खांद्यावर.

हॉलमध्ये कॉफीचा मोठा पिंप, डोनटांची खोकी, रंगीत पाट्या घेतलेली पोरं. विहीणबाई सस्काटूनहून आल्या होत्या. त्यांनी मला मिठी मारली आणि सवयीप्रमाणे थोडं वर उचलून खाली ठेवलं. बस उशिरा आली. मग सगळे सैनिक रांगेत आत आले आणि तसेच उभे राहिले, कारण कुणा मोठ्या अधिकाऱ्याला भाषण करायचं होतं. सिनेमात हे भाषण नसतं. लेक दुसऱ्या रांगेत होती, वाळली होती. ती समोर बघत होती, आमच्याकडे नाही. भाषण संपलं. एकदम गलका झाला आणि सगळे धावले.

ती चालत आली.

मी पुढे झाले आणि मिठी मारली. उजवा वरून, डावा खालून. माझी हनुवटी काही तिच्या खांद्यापर्यंत पोचली नाही, खिशाच्या बटणावरच अडकली. मी डोळे मिटले. एक. दोन. ती ताठ उभी होती, ढिम्म हलली नाही.

"आई," वरून आवाज आला. "व्हॉट आर यू डूइंग?"

"मिठी मारतेय."

"हू टॉट यू दॅट?"

"त्या सिनेमावाल्यांनी."

ती एक पाऊल मागे सरली. मला वाटलं, संपलं, मी पुन्हा काहीतरी चुकवलं. तिचा चेहरा बघितला तर ती मुळीच अधिकारी दिसत नव्हती. ओठ बाहेर आला होता. शाळेत असल्यापासून आमच्याशी निम्मंअधिक इंग्रजीतच बोलणारी माझी मुलगी अख्ख्या मराठीत म्हणाली, "तू त्याची काढलीस."

"कुणाची?"

"त्या मुलाची. तो तर खोटा होता. मी जाताना माझी का नाही काढलीस?"

"अगं, तुझी माणसं बघत होती. तो सॅल्यूट करून गेला. मला वाटलं, तुला माझी लाज वाटेल."

"मला वाटलं, तुला माझी वाटते," ती म्हणाली.

आजूबाजूला एवढा गोंगाट चालला होता, पण मला ते नीट ऐकू आलं. तिने टोपी काढली, बगलेत धरली, आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. मी हातमोजे ओढून काढले. हात तिच्या कपाळावरून, गालांवरून खाली आणले. गाल गार होते, हाडं हाताला लागत होती. कानशिलांवर बोटं दाबली. काही वाजलं नाही. पार्किंगपासून इथवर चालत येताना माझी बोटं गारठून लाकूड झाली होती.

"वाजली नाहीत," ती मान खाली ठेवूनच म्हणाली.

"थांब गं जरा!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो अर्थातच आधीपासून रडत होता, पण त्याने आपला कॉफीचा कप माझ्या हातात कोंबला. मी तो दोन्ही हातांनी धरून बोटं शेकली. ती वाट बघत तशीच वाकून उभी. मग मी पुन्हा हात फिरवले आणि दाबली. वाजली. एकेक करून सगळी वाजली. पलीकडच्या डोनटांच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाने मान वळवली. लेक वाकल्या वाकल्या हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली, आणि तिनेच मला मिठी मारली. ती कुठल्याच पद्धतीची नव्हती. माझा चष्मा वाकडा झाला, आणि तीन कधी होऊन गेले ते मला कळलं नाही. मी फार सुखी होते, आणि हे मला त्याच क्षणी कळत होतं, जे माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

तिच्या मागे जावई उभा होता, टोपी हातात घेऊन, नंबर लावल्यासारखा. त्यानेही वाकून पाहिलं, पण माझे हात काही पोचेनात. तेव्हा तो सरळ एका गुडघ्यावर बसला.

गणवेशातला जवान भर स्वागतसमारंभात गुडघ्यावर बसला की लोक काय समजतात ते सांगायला नको. एकदम आरोळ्या उठल्या. टाळ्या सुरू झाल्या. भराभर फोन वर झाले. मग लोकांच्या लक्षात आलं, की त्याच्यासमोर त्याची प्रेयसी नाही, जांभळी टोपी घातलेली एक बुटकी म्हातारी आहे आणि ती त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपली कानशिलं दाबते आहे. टाळ्या थोड्या अडखळल्या. पण थांबल्या नाहीत. कुणीतरी फोन नीट धरून विचारलं, की मॅम, पुन्हा एकदा कराल का?

"नो," लेक म्हणाली, "शी'ज डन." आणि तिने माझे हातमोजे उचलून मला घातले, आधी डावा, मग उजवा, नर्स घालते तसे.

गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, की काही खाल्लंस का.